सगळंच निळं

इनक्युबेटरचं दार उघडलं आणि पोटात गोळा आला. रात्रभर ठेवलेल्या आठही स्लाइडा निळ्याशार. कर्करोगाची गाठ निळी, तिच्या भोवतीचा भाग निळा, कडेला उरलेला स्वादुपिंडाचा निरोगी तुकडासुद्धा निळा. मी म्हाताऱ्या पेशी शोधायला बसले होते. या हिशेबाने सगळा अवयवच म्हातारा ठरत होता.

म्हाताऱ्या पेशी निळ्या रंगाने ओळखायची ही चाचणी १९९५ पासून वापरात आहे. एक विकर जिथे काम करतं तिथे निळा रंग उमटतो. बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हे ते विकर जवळजवळ प्रत्येक पेशीच्या लायसोसोममध्ये, म्हणजे पचनाच्या पिशव्यांमध्ये असतं, पण ते खरं खुलतं आम्लात, पीएच ४ च्या आसपास. मुद्दाम पीएच ६ ठेवला की ज्यांच्यात विकर भरपूर साठलंय त्याच पेशी निळ्या दिसतात, आणि विभाजन कायमचं थांबवलेल्या पेशींत ते साठतं. सगळा खेळ त्या ६ वर.

आणि तिथेच माझी माती झाली होती. कोरड्या इनक्युबेटरमध्ये जागा नव्हती, म्हणून आदल्या संध्याकाळी मी डबा पेशी वाढवायच्या इनक्युबेटरमध्ये सरकवला. तिथे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. तो द्रावणात विरघळतो, पीएच घसरतो आणि तरण्याताठ्या पेशीही निळ्या होतात. प्रोटोकॉलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. मी ते दहादा वाचलेलंही होतं.

गोठवलेल्या ब्लॉकमध्ये टिश्यू थोडंच शिल्लक होतं. पुन्हा क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवलेल्या ब्लॉकचे पातळ काप काढायच्या यंत्रावर बसले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची गाठ हाताला दगडासारखी लागते, कारण तिचा बहुतेक भाग कर्करोगाच्या पेशींचा नसतोच. कोलॅजन, ते विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, रोगप्रतिकारक पेशी अशा घट्ट विणीत कर्करोगाच्या ग्रंथी इथेतिथे रुतलेल्या असतात. शेवटचे काप कसेबसे निघाले. या वेळी डबा कोरड्या इनक्युबेटरमध्येच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपखाली आधी काहीच दिसेना. मग स्लाइड सरकवत गेले तर एका ग्रंथीच्या अगदी कडेला लांबट, चपट्या पेशी, आणि त्यांच्या केंद्रकाभोवती निळे दाणे, शाई शिंपडल्यासारखे. ग्रंथी मात्र कोरी. पळतच मॅडमकडे गेले. त्यांनी स्लाइड पाहिली आणि शांतपणे विचारलं, "मॅक्रोफाज वगळलेस का?"

नव्हते वगळले. मॅक्रोफाज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, याच रंगाला निळे होतात, आणि या गाठीत त्यांची काही कमी नसते. शेजारच्या कापांवर दुपारी दोन अँटिबॉडी लावल्या: मॅक्रोफाजची खूण असलेल्या सीडी६८ साठी, आणि विभाजनाला ब्रेक लावणाऱ्या प्रथिनासाठी पी१६. (शेजारच्या कापात तीच पेशी सापडेलच असं नाही, म्हणून जागेशी जागा जुळवायची. डोळ्यांचं काम आणि मानेचं मरण.)

अर्ध्याहून जास्त निळ्या जागा मॅक्रोफाजच्या निघाल्या. मी जवळजवळ नाद सोडला होता. पण त्या ग्रंथीच्या कडेला सीडी६८ नव्हतं, आणि लांबट पेशींची केंद्रकं पी१६ ने तपकिरी झाली होती. ग्रंथीत पी१६ चा ठिपकाही नाही. तसं ते अपेक्षितच: या कर्करोगात पी१६ चा जनुक बहुतेक वेळा निकामी झालेला असतो. म्हणजे ज्यांनी थांबायला हवं होतं त्यांचा ब्रेक तुटलेला, आणि शेजाऱ्यांचा घट्ट लागलेला. बरं, हे थांबलेले शेजारी गप्प बसत नाहीत. अशा पेशी आयएल-६, आयएल-८ असे दाह वाढवणारे रेणू आणि भोवतालची वीण तोडणारी विकरं सोडत राहतात, आणि गाठीला ते पथ्यावर पडू शकतं. पुस्तकात हे वाचताना मला नेहमी जरा ओढूनताणून वाटायचं. इथे अंतर जेमतेम एका पेशीचं होतं.

मॅडमनी दोन्ही स्लाइडा परत एकदा पाहिल्या. "छान आहे," म्हणाल्या, "पण हा एकच रुग्ण झाला. पुढचा ब्लॉक काढ."

फ्रीजरकडे जाताना वाटेत थांबून मी कोरड्या इनक्युबेटरचा एक कप्पा रिकामा केला आणि त्यावर माझ्या नावाची पट्टी चिकटवली.