भाजी करपलीय का?

आज आख्खा दिवस मी बनवत असलेल्या गेमच्या एका चित्रात गेला. स्टीमवरची (गेम विकायचं ऑनलाइन दुकान) छोटी कॅप्सूल, म्हणजे याद्यांमध्ये दिसणारं गेमचं चित्र, ४६२ बाय १७४ पिक्सेल. सर्चच्या यादीत तीच १२० बाय ४५ होते, म्हणजे नखाएवढी! मी हौसेनं खाडी, होडी, पाऊस, नावाडी, मागे किल्ला, सगळं कोंबलेलं. आईला मोबाईलवर दाखवलं. "भाजी करपलीय का रे?"

किल्ला उडवला (जीव तुटला, तीन रात्री घातलेल्या), पाऊसही. उरला कंदील धरलेला हात आणि जाड अक्षरात नाव.

स्टीमवर गेमच्या छोट्या वर्णनाला जेमतेम तीनशे अक्षरं, आणि माझं सुरू होत होतं 'फार फार वर्षांपूर्वी'नं. खोडलं. आता : 'भरती यायच्या आत सगळ्यांना पैलतीरी न्या.'

आईला परत दाखवलं. "कंदील," म्हणाली आणि कुकरकडे वळली.