लॅव्हेंडरची जुनी बाटली

गालांवर आणि पापण्यांवर लाल, खाजणारं पुरळ घेऊन त्या बाई आल्या होत्या. "डॉक्टर, मी नवीन काहीच लावलेलं नाही. हेच लॅव्हेंडरचं तेल, कधीपासून वापरतेय. आणि हे तर फुलांचं आहे!" त्यांनी पर्समधून बाटली काढली. तळाशी थोडंसं तेल उरलं होतं, झाकण सैल.

ती बाटली पाहूनच मी पॅच टेस्टच्या (पाठीवर पट्ट्यांखाली पदार्थ लावून ॲलर्जी शोधायच्या चाचणीच्या) यादीत लिनालूल हा लॅव्हेंडरमधला सुगंधी घटक दोन रूपांत घातला: एक ताजा, दुसरा हवा लागून बदललेला.

लॅव्हेंडरचा सुगंध मुख्यतः लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेटचा. ताजं लिनालूल सहसा त्रास देत नाही. पण हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध आला की त्याची हळूहळू हायड्रोपेरॉक्साइड्स बनतात, आणि ॲलर्जी जडते ती मुख्यतः त्यांचीच. म्हणजे बाटलीवरचं नाव तेच राहतं, आतलं तेल मात्र बदलत जातं.

पाठीवरच्या पट्ट्या 48 तासांनी काढल्या. एका जागी पुसटशी लाली होती. नुसती जळजळ असती तर ती ओसरली असती, म्हणून 96 तासांनी पुन्हा पाहिलं. तीच जागा आता जाड झाली होती, वर बारीक पुटकुळ्या. ती जागा हायड्रोपेरॉक्साइडची. शेजारी ताज्या लिनालूलची त्वचा अगदी स्वच्छ! पुस्तकात वाचलेला फरक असा एकाच पाठीवर, बोटभर अंतरावर पाहताना मी खरंच थक्क झाले.

"मग फुलांचं काहीच लावायचं नाही का?" असं नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका चाचणीत स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या 254 स्त्रिया होत्या. मध्यम किंवा तीव्र त्वचादाह कॅलेंड्युला या फुलाचं मलम लावणाऱ्यांपैकी 41 टक्के जणींना झाला, तर ट्रोलामाइन हे दुसरं मलम लावणाऱ्यांपैकी 63 टक्के जणींना. हा फायदा मला मोलाचा वाटतो. अर्थात शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल, तर कॅलेंड्युलाही जपूनच लावावं.

तेल बंद केल्यावर चेहरा निवळला, मानेवरचं पुरळ मात्र हटेना. मी त्यांना घरातली सगळी प्रसाधनं आणायला सांगितली. शाम्पूच्या घटकांत, अगदी शेवटी, लिनालूल होतं. शाम्पू बदलला आणि मानही बरी झाली.