एक झाड जपून भागत नाही

मी वनस्पती उद्यानात नोंदी ठेवते. नवं रोप आलं की क्रमांक द्यायचा, पाटी लावायची आणि त्याचं बी कुठल्या रानातलं, कोणत्या महिन्यातलं, किती झाडांवरून घेतलेलं, ते लिहायचं. या शेवटच्या तपशिलासाठी मी हटून बसते. पिकांवर काम करणाऱ्या संशोधकांना नेमकं तेच हवं असतं.

भाताचंच बघा. १९७०च्या सुमारास आशियात ग्रासी स्टंट हा विषाणूरोग भाताची खाचरं खात सुटला होता. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा गुण मिळाला तो उत्तर प्रदेशातून आणलेल्या ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एकाच नमुन्यात. पुढे तो आयआर ३६ या वाणात उतरला आणि लाखो हेक्टरांवर पेरला गेला. जात तीच असली तरी प्रत्येक झाडात तो गुण नसतो. आणि उद्यानांत बहुतेकदा एका जातीची एक-दोनच झाडं असतात, तीही कुठली ते कुणाला सांगता येत नाही!

मात्र रानात नेमकं कुठे जायचं हे उद्यानांनाच ठाऊक असतं. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, जुन्या कागदावर ठिकाण असतं, फळ कधी धरतं तेही असतं. लंडनचं क्यू वनस्पती उद्यान आणि पिकांचं वैविध्य जपणारी क्रॉप ट्रस्ट ही संस्था यांनी २०११मध्ये पिकांच्या रानटी भाईबंदांची मोहीम काढली, तेव्हा अशाच नोंदींवरून गोळा करणाऱ्यांना वाट दाखवली. बहुतेक पिकांचं बी वाळवून उणे २० अंश सेल्सिअसला ठेवलं की दशकानुदशकं टिकतं. पैदासकार, म्हणजे पिकांचे नवे वाण तयार करणारा, हवं तेव्हा मागवू शकतो. २०१६च्या एका अभ्यासात ८१ पिकांचे १,०७६ रानटी नातलग तपासले, त्यांतल्या २९ टक्क्यांचा एकही नमुना कुठल्या जनुकपेढीत, म्हणजे बी-रोपांचे नमुने जपणाऱ्या साठ्यात, नव्हता.

आंबा, फणस, कोको यांचं बी मात्र वाळवलं की मरतं. त्यांना जिवंत झाड म्हणूनच सांभाळावं लागतं. बोर्निओतला मँजिफेरा कास्तुरी हा आंब्याचा भाऊबंद आता रानात उरलेला नाही, लावलेल्या झाडांवरच तगून आहे.

आमच्याकडे आंब्याच्या रानटी जातींसाठी जागा काढायची चर्चा चालू आहे. मी मागितलंय की जाती कमी आणा, पण प्रत्येकीची रोपं वेगवेगळ्या मातृवृक्षांची असू देत, आणि लागवडीचा आराखडा पैदासकारांना सोबत बसवूनच करा.