आईचा फोन, बाबांचा फोन

गेल्या महिन्यात हरिपूरला मामेभावाचं लग्न झालं आणि मला पुण्याहून सुट्टी मिळाली नाही. पण आमच्याकडे लग्न चुकलेल्या माणसाला ते दोनदा ऐकायला मिळतं. आधी बाबांचा फोन, विश्रामबागेतल्या त्यांच्या कट्ट्यावरून. मग आईचा, रात्री ओटा पुसून झाल्यावर.

पूर्वी दोघं तेच तेच सांगायची. वरात उशिरा आली, भटजी घाईत होते, जिलेबी मऊ पडली. दुसऱ्या फोनला मी नुसता हं हं करायचो. ते आईच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती बाबांनी सांगितलेलं वगळून उरलेलं सांगते.

यावेळी बाबांचा फोन लागलाच नाही. आईला ते माहीत नव्हतं. तिने थेट मधूनच सुरुवात केली, "आणि मग शेवटी वहिनींनी ती पैठणी बदललीच बघ!"

कुठल्या वहिनी? का बदलली? विचारेपर्यंत तिची गाडी आहेरावर गेली होती.

इंजिनिअरिंगला हाच पेच शिकलो होतो, मल्टिपल डिस्क्रिप्शन कोडिंग, म्हणजे एकाच संदेशाची अनेक वर्णनं करून ती वेगवेगळ्या वाटांनी पाठवणं, या भारदस्त नावाखाली. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टेलिफोनवाल्यांना वाटे, एक लाइन बंद पडली तरी बोलणं तुटू नये, पण त्यासाठी दुसरी लाइन नुसती राखीव ठेवणंही परवडत नव्हतं. मग एकच आवाज दोन्हींवर वाटून पाठवायचा. तिथले संशोधक एन. एस. जयंत यांच्या १९८१ सालच्या कामात आवाजाचे विषम क्रमांकाचे नमुने, म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेली मोजमापं, एका पाकिटात, सम क्रमांकाचे दुसऱ्यात. एक हरवलं तर शेजारच्या नमुन्यांवरून मधली जागा भरायची. आवाज थोडा खरखरीत, पण बोलणं कळतं.

खरी गोम पुढेच आहे. दोन्ही वर्णनं एकेकटी उत्तम हवीत, तर ती एकमेकांसारखीच होतात आणि दुसऱ्यातून नवं काही हाती लागत नाही. दोन्ही मिळून उत्तम हवीत, तर एकेकटं लंगडं पडतं. ओझारो या संशोधकांनी १९८० साली गॉसियन, म्हणजे घंटेच्या आकाराच्या आलेखाप्रमाणे विखुरलेल्या, संदेशापुरती याची नेमकी सीमा आखली. १९८२ साली एल गमाल आणि कव्हर यांनी कुठवर नक्की पोहोचता येतं ते दाखवलं, पण सर्वसाधारण प्रश्न अजून सुटलेला नाही. मग आमच्या आईला तरी का बोल लावा! जुन्या पद्धतीत एका फोनवर माझं भागायचं, हे मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी मीच बाबांना फोन लावला.

"पैठणी? कसली पैठणी?" बाबा म्हणाले. "मला काय ठाऊक नाही. मी पंगतीत वाढत होतो. मठ्ठ्याचं पातेलं घेऊन वळलो नि मागे तुझी मामी उभी. निम्मा मठ्ठा गेला की रे!"