सूर्यावरचे डाग, माझी तार आणि मामांची बाग

अवकाळी पाऊस झाला की नाशिकजवळच्या दिंडोरीच्या, द्राक्षबाग असलेल्या मामांचा फोन येतो. "तुझ्या त्या सूर्यावरच्या डागांमुळंच होतंय ना रे हे?" मी हॅम रेडिओवाला, म्हणजे हौसेखातर रेडिओवरून जगभर बोलणारा, सौरडागांचे आकडे रोज बघणारा, म्हणून प्रश्न माझ्याकडे. फोनवर नीट सांगणं होत नाही, म्हणून इथं लिहितोय.

रेडिओचं म्हणाल तर सगळा खेळ डागांचाच. डाग वाढले की सूर्याकडून येणारे अतिनील आणि क्ष-किरण वाढतात. अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन ते सुटे करतात. तो थर पुरेसा दाटला की 28 मेगाहर्ट्झच्या लहरी अवकाशात निसटत नाहीत, जमिनीकडे वळतात. नाशिकच्या गंगापूर रोडच्या आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या पत्र्यापर्यंत जेमतेम 5 मीटरची अँटेनाची तार ताणलीय. ऑक्टोबर 2024 मध्ये 25 वं सौरचक्र, म्हणजे डाग वाढण्या-ओसरण्याचं साधारण अकरा वर्षांचं चक्र, शिखरावर होतं. तेव्हा दुपार कलली की त्याच तारेवर इटली, स्पेन खणखणीत यायचे. 2019 मध्ये डाग जवळजवळ नव्हते, तेव्हा याच 28 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बहुतेक दिवस नुसती खरखर.

सूर्य फारच खवळला तर मात्र उलटं होतं. मोठी सौरज्वाला उठली की 60 ते 90 किलोमीटरवरचा खालचा थर दाटतो आणि लहरी गिळतो. जिथं दिवस असतो तिथं शॉर्टवेव्ह मुकी होते. मे 2024 च्या चुंबकीय वादळात, म्हणजे सूर्यामुळं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठलेल्या खळबळीत, तर लडाखमधल्या हानलेहून आकाशात लाल झाक दिसली. आणि 1859 च्या अशाच प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती! अभ्यासक आजही ती वापरतात, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता मामांचं. चक्राच्या शिखरात आणि तळात सूर्याकडून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेत फरक पडतो तो साधारण 0.1 टक्का. तेवढ्यानं दिंडोरीत गारा पडत नाहीत. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं द्राक्षं झोडपली, तेव्हा आधीचं चक्र शिखराला होतं. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसानं बागांची वाट लावली, डावणी या बुरशीच्या रोगानं घड गेले, तेव्हा सूर्य डागांविना जवळजवळ कोरा होता. गारांना लागते ती खालची दमट हवा आणि वर आलेला थंड हवेचा झोत.

मामा बागेवर प्लास्टिकचं आच्छादन टाकायचं म्हणतायत. जरूर टाकावं. चक्र उताराला लागलंय, आता गारा कमी होतील, अशा हिशोबानं ते पुढं ढकलू नये.