न ओरडणारी भुरी आणि केसपेपरवरचा ‘कान’

मांजराचे पिल्लू ओरडत नाही म्हणून पशुरुग्णालयात जाणार असाल, तर नोंदणीच्या खिडकीतून केसपेपर हातात पडल्याबरोबर तिथेच उभे राहून तो वाचून घ्या. मागे रांग असली तरी वाचा. आमच्या भुरीच्या केसपेपरवर ‘तक्रार’ या रकान्यात ‘कान’ एवढाच शब्द छापून आला होता आणि त्या एका शब्दापायी, जे काम एका भेटीत व्हायचे, ते पावसाळा सरेपर्यंत रेंगाळले. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

भुरी आमच्या ठाण्याच्या सोसायटीत पंपघराच्या मागे सापडली. तिची आई दिसेनाशी झाली होती आणि वॉचमनकाकांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून तिला आमच्या दारी आणून दिले. तेव्हा ती साधारण दोन महिन्यांची असावी, असे डॉक्टरांनी दातांवरून सांगितले. जंताचे औषध, लस, वजन हे सगळे जवळच्या दवाखान्यात बिनबोभाट पार पडले. खटकत होते ते एवढेच की, तिचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. सासूबाई मांदेली साफ करायला बसल्या की भुरी त्यांच्या पायाशी येऊन बसायची, मान वर करून तोंड पूर्ण उघडायची, खालचे दोन बारीक सुळे आणि जिभेचे टोक दिसायचे, बरगड्यांखाली पोट आत ओढले जायचे, आणि आवाज मात्र काहीच यायचा नाही. “अगं, हिचा घसा धरलाय का ते बघ एकदा,” असे सासूबाई सारख्या म्हणू लागल्या. जवळच्या डॉक्टरांनी ताप नाही हे पाहिले, गळा बाहेरून चाचपला आणि स्वरयंत्र आतून पाहण्याची सोय असलेल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी दिली.

त्या रुग्णालयाच्या खिडकीतील मुलाने चिठ्ठी न वाचताच केसपेपरच्या मागे टाचली. त्याच्या संगणकावर तक्रारींची ठरलेली यादी होती. उलटी, जुलाब, ताप, जखम, त्वचा, डोळे, कान, लसीकरण. आवाज किंवा घसा असा पर्याय तिथे दिसत नव्हता. “ओरडत नाही म्हणजे ऐकू येत नसणार, मॅडम,” असे म्हणून त्याने ‘कान’ दाबले. मी हरकत घेतली, तेव्हा “आत डॉक्टरांना सांगा” असे उत्तर मिळाले. आत डॉक्टरांसमोर अर्थातच तो कागद होता. त्यांनी बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले, मळ काढला, थेंब लिहून दिले आणि पुन्हा दाखवायला सांगितले. रस्त्यावर वाढलेल्या बहुतेक पिल्लांच्या कानांत मळ किंवा कानातले किडे निघतातच, त्यामुळे उपचार चुकीचा होता असे मी म्हणत नाही; पण तो ज्या प्रश्नावर व्हायला हवा होता, तो प्रश्न कुणी विचारलाच नाही.

पुढच्या भेटीत दुसरे डॉक्टर होते. त्यांनी संगणकावर जुनी नोंद उघडली आणि “कान कसे आहेत आता?” असे विचारले. कान उत्तम आहेत, असे मी सांगितले. “मग बरी आहे की,” असे म्हणून त्यांनी पुढच्या कुत्र्याला आत बोलावले. तक्रार बदलून मागायला मी खिडकीवर गेले, तर तिथे सांगण्यात आले की, नोंद ज्या डॉक्टरांच्या नावावर आहे त्यांच्याच सहीने ती बदलते. आणि ते डॉक्टर आता रात्रपाळीला होते. नवा केसपेपर काढते म्हटले, तर आमचा मोबाइल क्रमांक टाकताच जुनी फाइल उघडत होती. टोपलीत बसलेले पिल्लू, शेजारी भुंकणारी कुत्री, औषधांचा वास आणि “सिस्टिममध्ये बदलता येत नाही” हे वाक्य, असे ते तासन् तास मला अजून आठवतात. घाबरलेल्या मांजरासाठी प्रत्येक फेरी हा त्रास असतो, म्हणून टोपलीवर जाड टॉवेल टाकून न्यावी आणि ती खाली जमिनीवर न ठेवता मांडीवर किंवा बाकावर ठेवावी, हे मी तिथेच शिकले.

राग येण्याचे मोठे कारण असे की, बहिरेपणाचा तो तर्क मुळातच उलटा होता. ऐकू न येणारी मांजरे बहुधा गप्प नसतात. स्वतःचा आवाज कानी पडत नसल्यामुळे ती पुष्कळदा इतरांपेक्षा मोठ्याने ओरडतात. जन्मजात बहिरेपणा विशेषतः पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत आढळतो. भुरी तपकिरी पट्ट्यांची, हिरव्या डोळ्यांची, आणि दुसऱ्या खोलीत खाऊच्या डब्याचे झाकण उघडले तरी धावत येणारी. मांजराने आवाज न काढता तोंड उघडण्यामागे कानाचा संबंध असलाच तर तो वेगळ्या वाटेने असतो: तरुण मांजरांत मधल्या कानातून किंवा त्याला घशाशी जोडणाऱ्या नळीतून एक साधी, कर्करोगाची नसलेली गाठ वाढून घशामागे उतरू शकते आणि त्यामुळे श्वासाला घरघर लागते, गिळताना त्रास होतो, आवाज बदलतो. त्या अंगाने तिथे कुणीच पाहिले नाही.

कोंडी फुटली ती रुग्णालयाच्या व्हरांड्यात. तिथून जाणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांना मी थांबवले आणि मोबाइलवरील चित्रफीत दाखवली. ही चित्रफीत घरी शांत वेळी, पंखा बंद करून काढावी. तोंड उघडतानाची एक आणि खेळून दमल्यावर श्वास ऐकू येईल अशी एक. त्यांनी आधी विचारले की, हिने कुणाला चावा घेतला आहे का, लाळ गळते का, चाल अडखळते का. पूर्वी ओरडणाऱ्या मांजराचा आवाज अचानक गेला आणि सोबत ही लक्षणे असतील, तर रेबीजची शंका धरावी लागते आणि तोंडात हात घालून घसा बघण्याचे धाडस घरी मुळीच करू नये, हे त्यांनी बजावले. मग त्यांचा मुख्य प्रश्न आला, “आवाज होता आणि गेला, की कधी नव्हताच?” कधी नव्हता, असे मी सांगितले. ती घुरघुर करते का, फिस्कारते का, धावल्यावर शिट्टीसारखा श्वास येतो का, हेही विचारून झाले. भुरीची घुरघुर भिंतीपलीकडे ऐकू येते. घुरघुर स्वरयंत्रातच निर्माण होत असल्यामुळे ते यंत्र बहुधा ठीक आहे, असे ते म्हणाले. आणि पेनाने ‘कान’ खोडून वर “जन्मापासून आवाज नाही, श्वास स्वच्छ” असे लिहून त्यांनी स्वतः सही केली. ती सही पाहून मला जे हायसे वाटले, ते तपासणीच्या निकालानंतरही वाटले नाही.

हलकी भूल देऊन केलेली तपासणी सकाळीच उरकली. श्वासाबरोबर दोन्ही स्वरपटल सारखे उघडत होते, म्हणजे लकवा नव्हता. सूज नव्हती, गाठ नव्हती. भुरी निरोगी आहे आणि ती फक्त ओरडत नाही. भुलेपूर्वी किती वेळ उपाशी ठेवायचे, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा. खिडकीवर सरसकट आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगतात, पण लहान पिल्लांची साखर लवकर उतरत असल्यामुळे त्यांना इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत.

कारण काय असावे, हेही डॉक्टरांनी समजावले. मोठी मांजरे एकमेकांशी बोलताना म्याऊ करत नाहीत म्हटले तरी चालेल. पिल्लू आईसाठी ओरडते आणि पुढे ही सवय माणसांसाठी टिकते, कारण माणसे त्या हाकेला ओ देतात. पिल्लाची माणसांशी ओळख होण्याचा मुख्य काळ वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो. भुरीचा तो काळ पंपघरामागे गेला, जिथे ओरडणे म्हणजे कुत्र्यांना पत्ता देणे. शिवाय आपल्याला मूक वाटणारी हाक दर वेळी मूक असतेच असे नाही. माणसाचा कान जेमतेम २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, मांजराचा ६०,००० च्याही पुढे, आणि पिल्लांच्या आवाजाचा काही भाग आपल्या पलीकडच्या पट्टीत जातो.

मागायचे मार्ग तिच्याकडे आहेतच. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकॉम्ब यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, काही मांजरे अन्न मागताना घुरघुरीतच रडण्यासारखा एक उंच सूर मिसळतात आणि तो माणसांना अधिक निकडीचा वाटतो. भुरीची पहाटेची घुरघुर आणि दुपारी झोपतानाची घुरघुर यांतील फरक आता सासूबाई स्वयंपाकघरातून ओळखतात.

एक सांगायचे राहिले. ओरडणाऱ्या मांजराचा आवाज सर्दी, शिंका आणि डोळ्यांच्या पाण्यासह बसला असेल, तर ते बहुधा हर्पीस किंवा कॅलिसी विषाणूचे दुखणे असते. तिथे दुर्बिणीने घसा आतून पाहण्याआधी साधे उपचार होतात आणि लस वेळेवर दिलेली असेल तर त्रास सौम्य राहतो.

यादीत ‘आवाज’ आणि ‘घसा’ हे पर्याय घालावेत, असा लेखी अर्ज मी त्या रुग्णालयात दिला असून त्याची पोच घेतली आहे. तोवर तिथे जाणाऱ्यांनी खिडकीवर ‘इतर’ निवडायला सांगावे. तो पर्याय यादीच्या अगदी तळाशी आहे आणि पडदा खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही.