३९ इंचांची पट्टी

सोलापुरातल्या आमच्या शाळेत कार्यानुभवाचा शिवणाचा तास वेळापत्रकात नेहमी दुपारच्या पेंगुळलेल्या वेळी टाकलेला असे. गणित, इंग्रजी, शास्त्र सकाळी. शिवण, चित्रकला, खेळ उरलेल्या जागेत. ज्यांना पुढे "काहीतरी व्हायचं" होतं त्या मुली त्या तासाला बाकाखाली गणिताची वही उघडून बसत. आमच्या शिवणाच्या बाईंना ते दिसायचं. एकदा त्या एवढंच म्हणाल्या, "करा, करा. गणितच करा. माझ्याकडे आलात की तेच लागणार आहे."

त्याचा अर्थ नववीत कळला. १९८५-८६चं वर्ष. स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाचा फेराचा नाच बसला होता आणि वेष ठरला होता परकर-पोलकं. बाकीच्या वर्गांनी नवी पेठेतल्या दुकानातून भाड्याने कपडे आणायचं ठरवलं. बाई म्हणाल्या, भाड्याचे परकर कुणाच्याच मापाचे नसतात, आपण शिवू. आणि कापड साधंसुधं नको, खण घेऊ.

सोलापुरात खण काही नवलाचा नाही. देवीच्या ओटीत, लग्नाच्या रुखवतात, आजीच्या ट्रंकेत तो असतोच, त्रिकोणी घडी घातलेला. पण ते चोळीपुरते तुकडे. परकराला तागाच हवा. माझ्या बाकावरची मैत्रीण घरी कानडी बोलायची आणि तिच्या आईचं माहेर गुळेदगुड्डचं. खण विणला जातो तो प्रामुख्याने तिथेच. तेव्हा ते गाव विजापूर जिल्ह्यात होतं, आता बागलकोट जिल्ह्यात आहे. सोलापूर-गदग ही मीटरगेज गाडी त्या बाजूने जायची. तिच्या मामांनी एका लोखंडी पेटीत घालून दोन-तीन रंगांचे तागे आणले. त्यांच्या घरात खड्डामाग होता. म्हणजे जमिनीत खड्डा, विणकर काठावर बसणार, पाय आत पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर. मामा ते वर्णन अर्धं मराठीत, अर्धं कानडीत करत होते आणि बाई दोन्ही भाषांत प्रश्न विचारत होत्या. आम्ही नुसत्या कापडाला हात लावून बघत होतो. खणाचा स्पर्श ताठ. त्याच्यावर बोट फिरवलं की नक्षीच्या रांगा लागतात.

बाईंनी ताग्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, मोजला: ३१ इंच, दोन्ही कडांना अडीच-अडीच इंचांचे काठ. मग त्यांनी फळ्यावर आकडा लिहिला आणि विचारलं, "याचा परकर कसा करणार?"

आम्हाला वाटलं, त्यात विचारण्यासारखं काय आहे. परकराला काठ खाली घेरावर यायला हवा, म्हणजे कापड आडवं धरायचं आणि पन्हा हीच परकराची उंची. पण नववीतल्या मुलीला कमरेपासून घोट्यापर्यंत ३६ इंच लागतात. नाचायचं म्हणून घोट्याच्या वर दोन इंच ठेवला तरी ३४. कापड ३१. चोळीसाठी विणलेलं कापड चोळीचंच माप घेऊन येणार, परकराचं नाही.

दुसरी अडचण नक्षीची निघाली, आणि ती बाईंशिवाय कुणाच्याच लक्षात आली नव्हती. एका ताग्यावर तेरू होता, म्हणजे रथ. फार सुबक. सगळ्यांना तोच हवा होता. बाईंनी कापड आडवं करून फळ्याला लावलं. सगळे रथ कुशीवर पडले. एक मुलगी हसत म्हणाली, "बाई, अपघात झाला." त्यानंतर बाईंनी तो तागा पोलक्यांसाठी बाजूला ठेवायला सांगितला आणि परकरासाठी बारीक चौकटीच्या नक्षीचा घेतला, जो उभा धरा नाहीतर आडवा, सारखाच दिसतो. पण मुलींनी एकसारख्या कापडाचा हट्ट धरला आणि शेवटी चौकटीचाच खण दोन्हीला लागला. रथाचा तागा मामांनी परत नेला. मला आजही ती हळहळ आहे.

कापण्याआधी खण रात्रभर मिठाच्या पाण्यात. गडद जांभळा आणि हिरवा, दोन्ही रंग सुटले. पाणी पाहून आमचे चेहरे उतरले, पण बाई खूश. "आत्ता सुटलेला बरा. पांढऱ्या अस्तरावर सुटला असता तर काय केलं असतं?" मग सावलीत वाळवण, मग इस्त्री उलट्या बाजूने. तरीही कात्री नाही. प्रत्येकीने जुन्या वर्तमानपत्रावर पूर्ण मापाचा कागदी परकर आणि कागदी पोलकं कापायचं होतं. जिचा कागद बसला नाही तिला कापड मिळणार नव्हतं. या नियमापुढे पालकांचीसुद्धा मात्रा चालली नाही.

आता त्या परकराचं गणित सांगते, कारण एवढ्या वर्षांत मी ते कितीतरी जणींना सांगितलं आहे आणि लेखी कुठेच नाही.

एका परकराला तीन मीटर खण, म्हणजे ११८ इंच. बाईंनी आधी वरचा काठ सबंध लांबीभर कापून काढला. आम्ही ओरडलोच. पण तो काठ नाहीतरी पोलक्याखाली दडणार होता. उरलं साडेअठ्ठावीस, शिवणीत अर्धा इंच गेला की २८. चौतिसाला सहा कमी. तेवढी पट्टी साध्या सुती पॉपलीनची, वर जोडायची, तिच्यातच नेफा आणि नाडी. पोलकं कमरेखाली सात इंच उतरवलं की पॉपलीन कुणाला दिसत नाही. शिवाय खण ताठ असल्यामुळे त्याला थेट कमरेवर चुण्या घातल्या तर पोटावर फुगवटा येतो. पातळ पट्टी मध्ये आली की कंबर बारीक राहते.

मग घेर. ११८ इंचांतला एक इंच उभ्या शिवणीत गेला. राहिले ११७. बाईंनी विचारलं, "प्लेट म्हणजे काय?" प्लेटेत कापडाचे तीन थर येतात, एक दिसतो, दोन आत जातात. म्हणून ११७ भागिले ३. पट्टीचा घेर बरोब्बर ३९ इंच ठेवायचा. आमच्यापैकी सर्वांत जाड मुलीलाही तो नितंबांवरून सहज उतरत होता आणि वर नाडीने कमरेवर आवळत होता. एकीला जास्त, एकीला कमी असं करायलाच नको. इंच-इंचाच्या ३९ प्लेटा, खडूने खुणा करून, आधी कच्च्या धावदोऱ्याने बसवून, मग मशीनची टीप. खाली दुमडायची गरजच नव्हती, काठाची कड विणूनच आलेली असते. फक्त आतून सुती पट्टी लावली, वजन यावं म्हणून. गिरकी घेतली की परकर उघडायचा आणि थांबलं की प्लेटा आपापल्या जागी परत यायच्या.

भागाकार चौथीत शिकले होते. तो कशासाठी असतो हे त्या दुपारी समजलं.

पोलकं जास्त अवघड. २८ छातीच्या मुलीसाठी ४२ इंच लांब कापड घ्यायचं. पन्ह्यातून एका बाजूला काठासह बारा इंचांचा पट्टा बाह्यांसाठी काढायचा. बाही आडवी कापली की काठ आपोआप दंडावर येतो. उरलेल्या १९ इंचांतून दुसरा काठ वेगळा करायचा, राहतात साडेसोळा, त्यात पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक बसतात. सुटा केलेला काठ पोलक्याच्या खालच्या घेराला पुरतो आणि थोडा गळ्यालाही उरतो. मागे अर्ध्यापर्यंत चीर आणि टिचबटणं. गळ्याला आतून उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, कारण सरळ पट्टी गोल गळ्यावर बसत नाही, उचलते. मुंढ्याशी फुग्याच्या बाहीच्या चुण्या सारख्या वाटून घ्यायच्या, सगळ्या खांद्यावर जमल्या की बाही हत्तीच्या कानासारखी दिसते असं बाई म्हणायच्या. खणाची कापलेली कड लगेच सुटू लागते, म्हणून कापल्या कापल्या प्रत्येक तुकड्याला हाताने काठटाका. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि यावरच सर्वांत जास्त कुरकुर झाली.

आणि तो परकरावरून काढलेला तीन मीटरचा काठ? त्यातून दुसरं पोलकं. मोरपंखी पॉपलीनचं, बाह्यांना आणि घेराला खणाचा काठ. एकाच परकरावर नाचाला एक, पुढे हादग्याला आणि घरी घालायला दुसरं. त्यातूनही जे उरलं त्याच्या वेणीला बांधायच्या फिती. बाईंच्या टेबलाखाली चिंध्यांची टोपली असे आणि ती तासानंतर किती भरली यावर त्यांचा मूड ठरत असे.

तीन पायमशीन होती. त्यातल्या एकाचा पट्टा सारखा उतरायचा, दुसरं बॉबीनचा दोरा गिळायचं. त्यामुळे रांग लागायची आणि रांगेतल्या मुली हातशिलाई करत बसायच्या. खरं सांगायचं तर माझा हात मशीनवर नाही, त्या रांगेतच बसला.

स्नेहसंमेलन झालं. नाच बरा झाला. दुसरा नंबर आला असं काहीजणी म्हणतात, मला आठवत नाही. प्रेक्षकांत बसलेल्या आया मात्र नाच सोडून परकर बघत होत्या. कार्यक्रम संपल्यावर माझ्या आईने घेर हातात धरून आतली शिवण उलटून पाहिली आणि "पट्टी कुणी सुचवली?" असं विचारलं. आई स्वतः घरी शिवायची. तिचं कौतुक करणं एवढंच असायचं.

पुढे मी याच धंद्यात आले. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने किती आहेत हे सांगायला नको. तिथल्या कटिंगच्या टेबलावर माझं निम्मं आयुष्य गेलं. कापडाचे शंभर थर एकावर एक पसरतात आणि वर मार्कर, म्हणजे सगळ्या तुकड्यांची मांडणी काढलेला कागद. मार्करमध्ये अर्धा इंच वाचला की शंभर थरांत पन्नास इंच वाचतात, एका मुलाच्या शर्टाचं कापड. आता ही मांडणी संगणकावर होते. संगणक चांगली करतो. पण काठाचं कापड दिलं, नक्षीला वर-खाली असलं, की कारखान्यातली मुलं मला बोलावतात, आणि मी वर्तमानपत्र मागते.

खणाला गेल्या काही वर्षांत फारच दिवस आले आहेत. साड्या, कुर्ते, पर्स, तोरणं, लॅपटॉपची पाकिटंसुद्धा. सोलापुरी चादरीप्रमाणे गुळेदगुड्डच्या खणालाही भौगोलिक मानांकन आहे. पण बाजारात खण म्हणून मिळणारं बरंचसं कापड यंत्रमागावरचं, रुंद पन्ह्याचं असतं. त्यात पट्टी जोडावी लागत नाही, परकर एका कापडात होतो. सोय आहे, नाही कशाला म्हणू? फक्त ते हातात घेतल्यावर पहिल्यांदा मी त्याची उलटी बाजू आणि मग पन्हा बघते, आणि हातमागाचं म्हणून दुप्पट भाव सांगणाऱ्याशी वाद घालते.

शिवणाचा वर्ग शाळेत आता भरत नाही असं ऐकते. मशीनं कुठे गेली कुणास ठाऊक. शाळेच्या महोत्सव समितीने आम्हा माजी विद्यार्थिनींना विचारलं, शाळेसाठी काय कराल, तर माझं उत्तर असं: दिवाळीच्या सुट्टीत शिवणाचा वर्ग मी घेईन, मुलींसाठी आणि मुलांसाठीही, कारण आमच्या कारखान्यातले उत्तम कटिंग मास्टर पुरुषच आहेत. दोन मशीन माझी आणेन. जुनी वर्तमानपत्रं मुलांनी आणावीत, आणि कात्री ज्याची त्याने घरून आणावी. शाळेच्या कात्रीने आमच्या वेळीही कागदच नीट कापला जात नव्हता.

– एक माजी विद्यार्थिनी, दहावी, मार्च १९८७